देवापुढे ठेवलेला फॅक्स

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे राउटरची वायर काढून परत खोचणं. संध्याकाळची वेळ. बंगळूरहून मुलाचा फोन यायचा होता आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याचा हिरवा दिवा तांबडा झाला होता. तुळसानं टॉर्च धरला, मी स्टुलावर चढलो. "पडाल हो," ती म्हणाली. "पडलो तर उचलायला तू आहेस," मी म्हणालो. वायर काढली, फुंकर मारली, खोचली. दिवा हिरवा झाला. मी खाली उतरेपर्यंत तिनं कपाटातून आपली वही आणली होती. डाव्या बाजूला 'राउटर' असं लिहून झालं होतं आणि पेन उजव्या बाजूला टेकवून ती विचारत होती, "हा काय करतो?" मी म्हणालो, "इंटरनेट देतो." "देतो म्हणजे? शिजवतो, की नुसतं वाढतो?" मला चटकन सांगता येईना. तेवढ्यात आत सार उतू गेल्याचा वास आला. "उद्या नीट विचार करून सांगा," म्हणून ती उठली. वहीची उजवी बाजू कोरी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. हृदय बंद पडलं म्हणाला डॉक्टर. त्याच्याजवळ त्याचा इंग्रजी शब्दही होता. मी तो विचारून घेतला नाही.

ती वही कशी सुरू झाली, तेवढंच इथं लिहायचं आहे. मी आठवीपर्यंत शिकलो, तेही तमिळ शाळेत. घरात मराठी बोलत होतो, पण ह्या लिपीतलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. आमच्या तंजावरातल्या निम्म्या मराठी माणसांचं तसंच आहे. तेव्हा चुका सापडतील. ज्याला खुपतील त्यानं पुढं वाचू नये.

आमचं लग्न नवं होतं. राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं बसायला उंच ओटा, ज्याला आम्ही इथल्यासारखं तिण्णै म्हणतो. तुळसा दहावी पास. तिचे वडील जुने मराठी कागद उतरवून देण्याचं काम करायचे, म्हणून तिला ही लिपी लहानपणापासून येत होती. माझा थोरला भाऊ पापनाशमला भाताच्या गिरणीत होता. महिन्याआड त्याचा निरोप यायचा, "शहरात काय ठेवलंय? गिरणीत जागा आहे, ये." मला त्या गिरणीतल्या उकडलेल्या भाताच्या वासानं मळमळायचं. आजही मळमळतं. आणि खरं कारण दुसरंच होतं. मला यंत्रांचा नाद लागला होता.

देशाची दारं उघडली असं शिकलेले लोक त्या काळाबद्दल म्हणतात. आमच्या बाजूला काय उघडलं ते मी सांगतो. पिवळ्या पाटीची फोनची बूथं उघडली, झेरॉक्सची दुकानं उघडली, आणि जुन्या बस स्टँडजवळ आमच्या मुदलाळींचं दुकान उघडलं. मुदलाळी म्हणजे मालक. तमिळ माणूस, कपाळाला विभूती, तोंडात विडा. ते फॅक्स मशीन आणि प्रिंटर विकायचे आणि लोकांचे फॅक्स घेऊन द्यायचे. आधी मी तिथं खोकी उचलायला होतो. एकदा प्रिंटर बंद पडला तेव्हा इंजिनिअर यायच्या आत मी तो उघडला, आत अडकलेली टाचणी काढली, झाकण लावलं, आणि तो चालू झाला. तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात आला.

फॅक्सचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसा सांगू? आधी टुईं करून लांब शीळ, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळणं, मग खरखर खरखर, आणि मग कागद जिभेसारखा हळूहळू बाहेर. मी घरी जेवताना तो आवाज काढून दाखवायचो आणि तुळसा भात वाढताना तो माझ्यापेक्षा चांगला काढायची. "बंगळूरच्या माणसानं कागद तिथं घातला, तो तिथंच राहिला, आणि इथं आला. दोन कागद झाले की एकच?" असं ती विचारायची. "दोन." "मग आलं काय? कागद तर आला नाही." मी म्हणायचो, "आवाज आला." "आवाजाचं अक्षर कोण करतं?" ह्यावर मी ताक प्यायचो. मला माहीत नव्हतं.

मला नावंच माहीत नव्हती, ही माझी अडचण होती. हातानं सगळं कळायचं. पण एखादा भाग झिजला की तिरुच्चीच्या इंजिनिअरला फोन करून तो मागवावा लागायचा. तो विचारायचा, "कुठला पार्ट?" मी म्हणायचो, "तो काळा, लांब, रबराचा." "अरे, नाव सांग!" बाजूला गिऱ्हाइकं हसायची. मुदलाळी म्हणायचे, "वेंकट्, तुझा हात सोन्याचा, पण तोंड मातीचं." चुकीचे भाग दोनदा आले. तिसऱ्यांदा आले तर दुसरा माणूस बघीन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यातच कावेरीचं प्रकरण झालं.

कावेरी आमच्या गल्लीतली, आपल्याच मराठी घरातली. वडील नाहीत. आईला सगळी गल्ली काकू म्हणायची. मुलगी कॉलेज शिकून दोन वर्षं घरात बसलेली. पेपरातल्या जाहिरातीला अर्ज केला होता, जाहिरातीत नुसता पेटी नंबर, पत्ता नाही. अर्जात तिनं आमच्या दुकानाचा फॅक्स नंबर दिला होता. एकदा मद्रासला जाऊन एका हॉटेलात मुलाखत देऊन आली. आणि एका शुक्रवारी दुपारी तिच्या नावाचा फॅक्स आमच्या मशीनवर आला. बंगळूरच्या कुठल्या नव्या कंपनीत नोकरी. खालच्या बाजूला सही करून शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत परत फॅक्स करा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. मी कागद फाडला, गुंडाळी केली आणि सायकलवरून स्वतः नेऊन दिला. काकूंनी माझ्या तोंडात साखर कोंबली. मी म्हणालो, "सही करून आत्ताच द्या, घेऊन जातो." काकू म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळी घरातून लक्ष्मी बाहेर धाडायची? खुळा की काय तू! उद्या राहुकाळ संपला की कावेरी घेऊन येईल."

शनिवारी अकरा वाजता दोघी मायलेकी दुकानात आल्या. काकूंच्या हातात कागद होता. मधोमध ताटाएवढा काळा गोल आणि भोवती सगळं करपलेल्या पोळीसारखं तपकिरी. एक अक्षर दिसत नव्हतं. वरच्या कडेला पाठवणाऱ्याचा नंबर असतो, तोही गेला होता.

"हे काय दिलंस रे वेंकू?" काकू म्हणाल्या. "रात्रीत असं झालं."

"तुम्ही काय केलंत त्याचं?"

"काय करणार? देवापुढं ठेवला. त्याहून जपून कुठं ठेवायचा?"

 कावेरीनं ओठ आत ओढून धरले होते. मुदलाळींनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तूच रोल उलटा बसवलास. मशीन तापलं असेल. आता दहा जणांना मी हेच मशीन विकलंय, त्यांचेही कागद काळे पडले तर?" मी म्हणालो, "तापलं असतं तर दुकानातच काळा निघाला असता. मी चांगला नेऊन दिला." "मग कारण सांग." मी फोन उचलला. तिरुच्चीचा इंजिनिअर लग्नाला गेलेला. फोनच्या चौकशीवाल्यांकडे त्या कंपनीचं नावच नव्हतं, इतकी ती नवी. मुदलाळी म्हणाले, "पाचच्या आत कारण आण. नाहीतर सोमवारी पापनाशमची बस धर." भावाची गिरणी त्यांना ठाऊक होती. मीच एकदा सांगून बसलो होतो.

मी काळा कागद, रोलचा एक हातभर कोरा तुकडा आणि मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन घरी गेलो. ते पुस्तक खोक्यातून निघाल्यापासून कोणी उघडलं नव्हतं. तुळसा पिटलं ढवळत होती. मी सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. तिनं कोरा तुकडा बोटांनी चोळला, वास घेतला, नखानं रेघ ओढली. रेघ करडी उमटली.

"अहो, ह्यात शाई कुठं असते?"

"शाई नसतेच. कागद आत जातो आणि लिहून येतो."

"शाईशिवाय?" असं म्हणत तिनं तो तुकडा बाजूला ठेवला आणि पिटल्याचं भांडं चुलीवरून उतरवताना घाईत त्याच्यावरच टेकवलं. भांडं उचललं तर खाली काळा गोल. बांगडी काढून ठेवावी तसा.

आम्ही दोघं त्या गोलाकडं बघत राहिलो. मग जेवण राहिलंच. तिनं गरम कॉफीचा पितळी पेला ठेवला, लहान गोल उठला. उदबत्ती लांबून फिरवली, पुसट रेघ आली. मी तव्याला एक कोपरा लावला, तो शाळेच्या फळ्यासारखा काळा झाला. थंड पाण्याचा तांब्या ठेवला, काही नाही. हळद लावली, पिवळा डाग, काळा नाही. तिण्णैवर कडक उन्हात एक तुकडा दगडाखाली ठेवून आलो. शेजारचे म्हातारे विचारायला लागले की पापड घातलेत काय. आज ह्या वयात सांगतो, देवळात गेलो, चांगली गाणी ऐकली, नातवंडाचं तोंड पाहिलं, पण त्या दुपारच्या दोन तासांइतकं डोकं माझं कधी जागं झालं नाही. नोकरी जायची होती हेही मी विसरलो होतो.

"म्हणजे कागदच शाई," तुळसा म्हणाली. "यंत्रात बारीक इस्त्री असणार. जिथं चटका, तिथं अक्षर."

"मग काकूंकडं चटका कुणी दिला?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला अजून आठवतं. "अहो, काल शुक्रवार. काकू आरती करणार नाहीत? कापूर जाळलेलं ताट कुठं टेकवलं असेल?"

पंख्यानं कागद उडू नये म्हणून त्यांनी ताट टेकवलं असणार. कागदावरच. आणि उरलेला कागद उभ्या समईला टेकवून ठेवलेला असणार, ज्योत रात्रभर. मी उठून टोपी शोधायला लागलो. तिनं हात धरून बसवलं. "कारण मिळालं. पण नंबर मिळाला का? कारणानं कावेरीला नोकरी मिळणार नाही." हे मला सुचलंच नव्हतं. मी फक्त माझी मान सोडवत होतो. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

मग तिनं ते इंग्रजी पुस्तक मांडीवर घेतलं, शाळेतला लहान शब्दकोश काढला आणि मागच्या पानावरची यादी बोट ठेवून वाचायला लागली. प्रत्येक शब्दाला थांबायची. "थर्मल हेड... थर्मल म्हणजे उष्णतेचं. ही तुमची इस्त्री. प्लॅटन रोलर... हा तुमचा काळा लांब रबराचा, बघा चित्र."  चार वर्षं ज्याला हात लावत होतो त्याचं नाव आज कळलं. "फीडर. कटर. जर्नल." ती थांबली, शब्दकोश चाळला. "जर्नल म्हणजे रोजनिशी. अहो, हे यंत्र रोजनिशी लिहितं! कोणाकडून आलं, किती वाजता, सगळं."

"कुठं लिहितं? मी कधी पाहिली नाही."

"पोटात. मागितली तर देतं असं लिहिलंय. तुम्ही कधी मागितली?"

साडेतीन वाजले होते. ती साडी न बदलता सायकलच्या मागं बसली. वाटेत काकूंच्या घरी थांबून मी विचारलं, आरतीचं ताट कुठं ठेवलं होतं. काकूंनी गाल फुगवले. "म्हणजे माझ्या देवानं जाळला म्हणतोस?" "देवानं नाही काकू, कापरानं." "कापूर देवाचाच ना!" तुळसानं मागून चिमटा काढला म्हणून मी सायकलवर टांग टाकली. कावेरी मात्र चपला घालून निघालीसुद्धा.

दुकानात तुळसा पुस्तकातून सांगत गेली आणि मी बटणं दाबत गेलो. मुदलाळी विडा चघळायचे थांबले होते. मशीन आधी गप्प राहिलं. मग खरखर करून आपणहून कागदाची एक पट्टी बाहेर काढली. रांगेनं तारखा, वेळा, नंबर. शुक्रवारी दुपारच्या ओळीत बंगळूरचा नंबर होता. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्यानं सगळं लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही चार वर्षं त्याला मुकं समजत होतो.

फोन खूप वेळ वाजला. शेवटी पहारेकऱ्यानं उचलला आणि म्हणाला, आज हाफ डे, सगळे गेले. मुदलाळींनी कपाळाला हात लावला. तेव्हा कावेरीनं त्यांच्या हातातून फोन घेतला. सकाळपासून जिनं तोंड उघडलं नव्हतं ती इंग्रजीत असं बोलली की रस्त्यावरचा फुलवाला वळून पाहायला लागला. टायपिस्टबाई खाली स्कूटर काढत होती, तोच कागद परत पाठव म्हणून पहारेकरी तिला बोलवायला धावला. आम्ही चौघं मशीनभोवती उभे. दहा मिनिटं, मग बारा.  मग टुईं. तुळसानं तोंडावर पदर धरला, कारण पुढचं मांजर आता किंचाळणार हे तिला पाठ होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. मांजर किंचाळलं. कागद आला.

मी तो हातात न देता आधी शेजारच्या दुकानात झेरॉक्स काढली, साध्या कागदावर. कावेरीनं त्यावर सही केली. पाचला सात मिनिटं असताना तो कागद फीडरमधून गेला आणि पोचल्याची पावती निघाली. काकू मागून धापा टाकत आल्या होत्या, त्यांनी लगेच हात पुढं केला, "आण, देवापुढं ठेवते." सगळे ओरडलो, "नको!" तुळसा म्हणाली, "झेरॉक्स ठेवा काकू. ती आधीच भाजून आलेली असते. तिला तुमच्या कापराचं काही वाटणार नाही." मुदलाळी मोठ्यानं हसले. मग मला म्हणाले, "सोमवारी लवकर ये. तिरुच्चीला तूच फोन लाव. नावानं माग." आणि तुळसाकडं वळून हात जोडले. तसे त्यांनी दुकानात कोणाला जोडलेले मी पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. तुळसानं शाळेतली अर्धी कोरी वही काढली, मधे उभी रेघ मारली. डावीकडं नाव. उजवीकडं, तो काय करतो. तिचा एकच नियम होता. उजवीकडचं मी सांगायचं, आणि तिला स्वयंपाकघरात उभं राहून समजेल असं सांगायचं. नाहीतर तुम्हालाच कळलेलं नाही, म्हणायची. थर्मल हेड म्हणजे बारीक इस्त्री. डॉट मॅट्रिक्स म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आधी टिंबं, मग चित्र. फ्युजर म्हणजे तवा, ज्यावर पूड कागदाला भाजून चिकटवतात. पुढं कचेऱ्यांत कंप्यूटर एका वायरीला जोडायला लागले तेव्हा टर्मिनेटर आला, वायरीच्या टोकाला लावायचा. तो नसला तर सगळी ओळ बंद. तिरुच्चीच्या इंजिनिअरनं अर्धा तास समजावलं, मला कळलं नाही. घरी तुळसा मोगऱ्याचा गजरा करत होती. मी म्हणालो, "दोऱ्याच्या शेवटची गाठ. नसली तर सगळी फुलं ओघळतात." ती म्हणाली, "आता कळलं तुम्हाला," आणि लिहिलं. ते लिहिलेलं वाचायला मी तिच्याकडून अक्षरं शिकलो. माझा पहिला मराठी शब्द 'रोलर'. लोक श्री काढून सुरुवात करतात, मी रोलरनं केली. इतकी वर्षं त्या वहीवर माझं पोट चाललं. अशा पाच वह्या झाल्या.

पहिल्या वहीत त्या शनिवारचा तुकडा तिनं घडी करून ठेवला होता, भांड्याचा गोल आणि पेल्याचा गोल असलेला. एका कडेला तिनं नखानं आपलं नाव ओढलं होतं. ते कागद टिकत नाहीत, त्यांवरचं सगळं उडतं. आता तो साफ पांढरा आहे. नाव कुठं होतं ते मला ठाऊक आहे, बस.

तर ती गेली त्या सकाळी. डॉक्टर येऊन गेला होता. मुलगा बंगळूरहून निघाला होता. शेजारी यायचे होते. तिला आतल्या खोलीत निजवलं होतं, डोक्याशी दिवा. मी बाहेर आलो आणि काय करावं ते सुचेना. आमच्या मुलीला मुलानं कळवलं का, भावाच्या घरी कोण सांगणार, कावेरीचा नंबर कुठं आहे, मला एकही गोष्ट ठाऊक नव्हती. ते सगळं ती बघायची. भिंतीवर डबा हिरवा लुकलुकत होता. मेजावर वही तशीच उघडी. मी बसलो, चष्मा लावला आणि उजव्या बाजूला माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'घरात कोणाचा निरोप कोणाला द्यायचा ते ह्याला ठाऊक असतं. हा बंद पडला तर सगळे आपापल्या जागी असतात, पण कोणाचं कोणाला कळत नाही.'

परत एकदा वाचून पाहिलं. तिला समजलं असतं. मग उठून दार उघडलं.